मामांना विचारा: निम्मं थेटर हसतंय, निम्मं चिडलंय

राम राम मंडळी. गेल्या अंकात सहज एक ओळ टाकलेली, घरात कुठल्या विनोदी पिक्चरवरनं भांडण झालं असेल तर कळवा म्हणून, तर पत्रांचा नि मेसेजचा असा पाऊस पडलाय की यावेळी दुसरा विषयच घेत नाही. भुताचे, बोलक्या बाहुल्यांचे, मढं घेऊन पळणाऱ्यांचे, साडीतल्या हिरोंचे, असले सगळे चक्रम पिक्चर, जे एकाला डोक्यावर घेऊन नाचावेसे वाटतात आणि शेजारच्या खुर्चीवरचा म्हणतो माझं पार्किंगचं भाडं तरी परत द्या. नावं कुणाची छापत नाही, घरात शांतता राहू दे.

मामा, रविवारी आमचे हे मला एका पिक्चरला घेऊन गेले. त्यात हिरोच्या अंगात कोंबड्याचं भूत येतं आणि तो भर कोर्टात आरवतो. हे हसून हसून खुर्चीवरनं घसरले, डोळ्यातनं पाणी. मला एकदासुद्धा हसू आलं नाही, इंटरव्हलनंतर मी बाहेर येऊन पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी बसले. येताना रिक्षात दोघंही गप्प. आमच्यात नक्की कुणाचं डोकं ठिकाणावर आहे?
एक गृहिणी, राजारामपुरी

वहिनी, दोघांचंही आहे, आणि रिक्षात गप्प बसावं एवढं तर काहीच झालेलं नाही. बघा, नेहमीच्या विनोदी पिक्चरला आपण हसतो ते ओळखीवर हसतो, सासू-सुनेची कुरकुर, भाडेकरूची पंचाईत, लग्नातला मानपान, हे सगळं आपल्या घरात किंवा शेजारी झालेलं असतं त्यामुळं पडद्यावर दिसलं की लगेच पटतं. चक्रम पिक्चरला ही सोय नाही. तिथं दिग्दर्शक सुरुवातीलाच एक कायदा सांगून टाकतो, की या गावात कोंबड्याचं भूत अंगात येतं आणि कुणाला त्याचं विशेष काही वाटत नाही, जज्जसाहेबसुद्धा फार तर आवाज कमी करा म्हणतील. तुमच्या मिस्टरांनी तो कायदा तिथल्या तिथं मान्य केला, मग पुढचं सगळं त्यांना फुकटात मिळालं. तुम्ही केला नाही, त्यामुळं पुढचा प्रत्येक विनोद तुम्हाला आधीच्या अपमानावर आणखी एक अपमान वाटत गेला. म्हणून तर असल्या पिक्चरबद्दल "बरा होता, एकदा बघायला हरकत नाही" असं म्हणणारा माणूस शोधून सापडत नाही.

एक सीन आठवून बघा, १९८३ च्या "जाने भी दो यारों" मधला. रस्त्यावर एक शवपेटी पडलीय, आत मयत आहे, आणि ओम पुरी दारू पिऊन गाडीतनं येतो. त्याला ती पेटी म्हणजे बंद पडलेली गाडी वाटते. तो आतल्या मयताशी चांगलं अदबीनं बोलतो, त्याची अडचण समजून घेतो आणि शेवटी टोचन लावून पेटी ओढून नेतो. आता यात ओम पुरी एकदाही "बघा मी कसा कॉमेडी करतोय" असं तोंड करत नाही, तो खरोखर एक मदतीला धावलेला सज्जन दारुडा आहे. ज्याच्या मनात "अरे पण पेटी गाडीसारखी दिसेलच कशी" असा प्रश्न आला त्याचा पिक्चर तिथंच संपला. ज्याच्या मनात "आता हा टोचन कुठं बांधणार" हा प्रश्न आला तो वाचला. दिग्दर्शक कुंदन शाहला याच पिक्चरसाठी पहिल्या चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, पण थेटरात त्याला गर्दी खेचता आली नव्हती, लोकांच्या तोंडी तो बसला तो नंतर टीव्हीवरनं.

जाता जाता अजून एक. असल्या पिक्चरला ॲपवरचे स्टार बघून जाऊ नका. समजा दहा जणांनी मार्क दिले, पाच जणांनी दहापैकी १० आणि पाच जणांनी १, तर सरासरी येते साडेपाच, आणि बघणाऱ्याला वाटतं मधलाच काहीतरी पिक्चर दिसतोय. प्रत्यक्षात साडेपाच कुणीच दिलेले नाहीत, आत मारामारी चाललीय! सरासरीऐवजी १० किती जणांनी दिले नि १ किती जणांनी दिले ते उघडून बघायचं, दोन्ही टोकाला गर्दी दिसली तर मिस्टरांना एकट्याला पाठवायचं आणि आपण महाद्वार रोडला खरेदी करायची.

आपल्या कोल्हापूरला कलापूर म्हणतात. बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर, प्रभात कंपनी ही या मातीतली माणसं आणि संस्था. त्याच मातीत आज लोक आचरट चाळ्यांना टाळ्या पिटतात हे पाहून वाईट वाटते. आमच्या काळी विनोद सोज्वळ होता. आपण या प्रकाराचे समर्थन करता याचे आश्चर्य वाटते.
निवृत्त मुख्याध्यापक, मंगळवार पेठ

सर, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, अक्षर बघूनच उभं राहावंसं वाटलं. पण थोडं उलट बोलतो, रागावू नका.

प्रभात इथं १९२९ ला सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, ते सगळं थोर आहेच. पण त्यानंतर याच गावात हंस पिक्चर्स उभी राहिली, आणि तिनं १९३८ साली "ब्रह्मचारी" काढला. मास्टर विनायक आपल्या गावचे, दिग्दर्शन त्यांचं नि हिरोही तेच, लेखन आचार्य अत्र्यांचं. गोष्ट काय, तर औदुंबर नावाचा एक तरणाबांड पोरगा ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून असा पेटतो की घरातले नट्यांचे फोटो फेकून देतो आणि थेट आश्रमात जाऊन राहतो. आणि मग मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरून त्याला गाणं म्हणून बोलावतात. १९३८ साली! त्या काळात शिस्त, व्यायाम, त्याग, देशसेवा हे लोकांच्या श्रद्धेचे विषय होते, आणि हा पिक्चर त्या सगळ्याच्या ढोंगाला गुदगुल्या करत होता. निम्म्या लोकांना वाटलं संस्कृती बुडाली आणि निम्मे परत तिकीट काढायला गेले. (नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्याच मीनाक्षीबाईंच्या नाती, हे आमच्या घरात अजून कुणाला खरं वाटत नाही.) आज आपण त्याला मराठीतला अभिजात विनोद म्हणतो, पण तो लागला तेव्हा तो आचरटच होता सर.

भालजींचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून सांगतो. दादा कोंडके पडद्यावर पहिल्यांदा आले ते १९६९ च्या "तांबडी माती" मध्ये, आणि तो पिक्चर कुणाचा, तर भालजींचा. शिवरायांवर नि मराठेशाहीवर पिक्चर काढणाऱ्या माणसाला त्या बावळट दिसणाऱ्या पोरात काहीतरी दिसलं की नाही? पुढं १९७१ ला दादांनी स्वतःचा "सोंगाड्या" काढला, अर्धी चड्डी आणि लोंबणारी नाडी घेऊन. दादरच्या कोहिनूर थेटरात तो लागेना, बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले तेव्हा लागला, आणि नंतर काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे. शहाण्या लोकांनी नाकं मुरडली आणि रात्रीच्या शोला बैलगाड्या जुंपून माणसं आली.

आणि त्याच्याही मागं जा की. तमाशातली गवळण घ्या. मावशी म्हणून मिशा काढलेला बाप्या लुगडं नेसून उभा, तो साक्षात कृष्णाला हिशोब विचारतोय, पेंद्या मध्येच गावच्या सरपंचावर घसरतोय. वगातला राजा पुराणातला, पण प्रधानाशी बोलताना पंचायत समितीच्या बजेटवर बोलतो. हे बघून कुणी विचारलं नाही की द्वापारयुगात पंचायत समिती कुठनं आली. बाहेरच्या देशात ज्याला मोठी मोठी नावं देऊन अभ्यास करतात ते आपल्याकडं जत्रेत चटईवर बसून चाललेलं होतं, पिढ्यान् पिढ्या.

एका बाबतीत मात्र तुमच्या बाजूनं. जाड्या माणसाला जाड्या म्हणणं, तोतऱ्याची नक्कल, काळ्या रंगावरचे टोमणे, आणि पुरुषाला साडी नेसवली म्हणजे आपलं काम झालं असं समजणं, हा चक्रमपणा नाहीच, हा कंटाळा आहे. गवळणीतली मावशी नुसत्या लुगड्यावर हशा घेत नाही, तिच्या तोंडाला धार असते. नुसती साडी नेसून उभा राहिलेला बाप्या म्हणजे फक्त साडी. त्याला तुम्ही आचरट म्हणा, मी खाली सही करतो.

मामा, आमच्या रूमवर शनिवारी रात्री मुद्दाम बकवास पिक्चर लावतात आणि सगळे मिळून हसतात. मला कळत नाही की जो पिक्चर चुकून विनोदी झालाय आणि जो ठरवून तसा केलाय, त्यात भारी कुठला? वाद मिटवा.
कॉलेजकुमार, राजेंद्रनगर

वाद जुना आहे भावा, तुमच्या रूमच्या आधीपासनं चाललाय. सुझन सोनटॅग नावाच्या अमेरिकन लेखिकेनं १९६४ मध्ये यावर एक निबंध लिहिला, त्यात तिचं म्हणणं साधारण असं की खरी मजा भाबड्या पिक्चरमध्ये. म्हणजे करणाऱ्यानं जीव तोडून गंभीर काहीतरी केलंय, सगळं अती झालंय, आणि त्याला ते माहितीच नाही. ठरवून केलेलं तेवढं गोड लागत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण "द रूम", २००३ चा. टॉमी विझो नावाच्या बाबानं स्वतः लिहिला, स्वतः काढला, स्वतः हिरो झाला, आणि त्याच्या डोक्यात होती एक दर्दभरी प्रेमकथा. प्रेक्षक पहिल्यांदा गेले ते चुकून, नंतर मुद्दाम जायला लागले. त्यातल्या दिवाणखान्यात टेबलावर एक फोटोफ्रेम आहे, आणि फ्रेममध्ये माणसाचा फोटो नाही, चमच्याचा आहे. का आहे, कुणाला ठाऊक. तर ती फ्रेम दिसली रे दिसली की सगळं थेटर पडद्याकडं प्लॅस्टिकचे चमचे भिरकावतं. नंतर विझोसाहेबांनी सांगायला सुरुवात केली की हा मुळातच विनोदी पिक्चर होता. हुशार माणूस.

आता माझं मत, सोनटॅगबाईंचा मान राखून. चुकून झालेल्या पिक्चरला आपण हसतो त्यात थोडासा कडवटपणा असतोच, आपण शहाणे आणि तो येडा, असं. अर्धा तास गंमत वाटते, मग मोबाईल बाहेर निघतात. तुमच्या रूमवर बघा, दुसऱ्या तासाला किती जण जागे असतात. ठरवून केलेला पिक्चर जमला तर शेवटच्या पाटीपर्यंत धरून ठेवतो, कारण तिथं आपण आणि करणारा एकाच बाजूला असतो. पण जमणं अवघड, आणि न जमण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, तो पिक्चर स्वतःलाच लाजत असतो. येडेपणाचा सीन झाला की लगेच एखादं पात्र कॅमेऱ्याकडं बघून डोळा मारतं, बॅकग्राऊंडला टुइंग वाजतं, की बाबांनो आम्हाला माहितीय हे येडं आहे, आम्हाला अडाणी समजू नका. पाहुण्याला तिखट लागेल म्हणून तांबड्या रश्श्यात गुपचूप पाणी ओतल्यासारखं होतं ते, पाहुणाही खूश नाही आणि घरचेही नाहीत. येडा व्हायचं तर पूर्ण हो की, कोण अडवलंय!

म्हणून निकाल: जमलेला ठरवून केलेला एक नंबर, चुकून झालेला दोन नंबर, आणि डोळा मारणारा बाद. रूमवर मान्य नसेल तर चहा माझ्याकडनं, पण वाद मिटलेला नाही असं धरून.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला बाहुल्याचा तो भुताचा मराठी पिक्चर दाखवू का? आम्ही लहानपणी बघितलेला, फार हसलेलो.
एक आई, कागल

ताई, "झपाटलेला" म्हणताय ना, १९९३ चा. दाखवा, पण दुपारी, आणि आधी बाहुला कुणी बनवला ते सांगा. रामदास पाध्ये, शब्दभ्रमकार, त्यांचे बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम यूट्यूबवर आहेत, ते आधी दाखवले की पोराला कळतं की आत हात असतो नि आवाज माणसाचा असतो. दिलीप प्रभावळकर मूळ तात्या विंचू, म्हणजे ज्याचा जीव त्या बाहुल्यात शिरतो तो गुंड, झालेत हेही सांगा. तुम्ही हसला होता म्हणताय, पण जरा आठवा, हसलात ते बाहुला धावायला लागल्यावर, त्याच्या आधी तो खुर्चीत नुसता गप्प बसलेला असतो तेव्हा घरात कुणी पाणी प्यायलासुद्धा उठलं नव्हतं. भीती आणि हसू एकमेकाला एवढं चिकटवलंय म्हणूनच तर तो चाललाय अजून. नवीन पिक्चरचं म्हणाल तर २०२४ पासून सेन्सॉरच्या यूए सर्टिफिकेटमध्ये ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे लिहून येतात, तिकीट काढायच्या आधी तेवढं बघत जा.

मी एका कॉमेडीचं फार कौतुक ऐकून रात्री मोबाईलवर, इअरफोन लावून, एकट्यानं बघितली. एकदाही हसलो नाही. मग तीच मित्राच्या घरी सहाजणांत बघितली तर पोट दुखेपर्यंत हसलो. पिक्चर तोच. मी बदलतो का पिक्चर बदलतो?
आयटीवाला, सध्या वर्क फ्रॉम होम, उचगाव

तुम्हीच बदलता, आणि त्याचं मोजमाप झालेलं आहे. रॉबर्ट प्रोव्हाईन नावाचे एक अमेरिकन प्रोफेसर होते, त्यांनी आयुष्यभर माणसं हसतात कधी हेच बघितलं, मॉलमध्ये बसून, रस्त्यावर उभं राहून. त्यांना आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण ३० पट जास्त तो चारचौघांत हसतो. आणि गप्पा मारताना लोक ज्या वाक्यांना हसतात त्यातली बहुतेक वाक्यं विनोदी नसतातच, "बरंय मग, भेटू" असल्या वाक्यालासुद्धा माणसं हसतात. हसणं म्हणजे निम्मं "मी तुमच्यातलाच आहे" असं सांगणं असतं.

चक्रम पिक्चरला हे डबल लागू. नेहमीच्या विनोदाला एकट्याला निदान कळतं तरी की इथं हसायचंय. पण कोर्टात माणूस आरवायला लागला की आपण आधी शेजारी बघतो, हा हसतोय का, हसला तर चालतंय, मग आपणही. एकट्या माणसाला ही परवानगी कोण देणार?

सिंगल स्क्रीन थेटरात हे कानानं कळायचं. हशा आधी पुढनं यायचा, पडद्याजवळच्या स्वस्तातल्या खुर्च्यांवरनं, आणि बाल्कनीतले सभ्य लोक अर्धा सेकंद थांबून मग हसायचे, पुढचे हसले म्हणून आम्ही हसलो असं सांगायची सोय ठेवून. आता रिक्लायनरवर दोन माणसांत एवढं अंतर की शेजारचा हसला की झोपला ते कळत नाही, वर प्रत्येकाच्या हातात नाचोज. त्यापेक्षा गणपतीत गल्लीत पडदा लावायचे ते भारी होतं. पडद्याच्या दोन्ही बाजूला माणसं, उलट्या बाजूला बसलेल्यांना नावं उलटी दिसायची, हिरो डावखुरा वाटायचा, रस्त्यानं म्हैस गेली की तिची सावली व्हिलनच्या अंगावरनं जायची, आणि त्या सावलीला जो हशा पडायचा तो पिक्चरच्या खात्यात जमा व्हायचा.

बाहेरचं उदाहरण म्हणाल तर "रॉकी हॉरर पिक्चर शो". १९७५ ला आला आणि आपटला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका थेटरात रात्री बाराचा शो लावला, तिथं तेच तेच लोक परत परत यायला लागले, पडद्याशी बोलायला लागले, लग्नाच्या सीनला तांदूळ उधळायला लागले, पावसाचा सीन आला की डोक्यावर वर्तमानपत्र धरायला लागले. अजून कुठं ना कुठं तो चालूच आहे. घरी एकट्यानं लावला तर बऱ्याच जणांना तो निम्म्यात बंद करावासा वाटेल, कारण निम्मा पिक्चर खुर्च्यांमध्ये आहे.

आपल्याकडं "अंदाज अपना अपना" चं तेच. १९९४ ला थेटरात फारसा चालला नाही, मग केबलवर आणि सीडीवर पोरांच्या घोळक्यात तो असा मुरला की डायलॉग पाठ असणं हीच ओळख झाली. २०२५ मध्ये परत थेटरात लावला तेव्हा लोक हिरोच्या आधी डायलॉग म्हणत होते. तेव्हा साहेब, तुमच्या मोबाईलला दोष देऊ नका, पण चक्रम पिक्चर बघायचा असला की कुणालातरी घरी बोलवा, निदान भडंग तरी खपेल.

मामा, आम्ही तालमीची पोरं मिळून शॉर्टफिल्म काढतोय. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरची एक म्हैस नगरसेवकाच्या निवडणुकीला उभी राहते अशी स्टोरी आहे. नाद खुळा कॉमेडी करायचीय. टिप्स द्या, पैसे मागू नका.
तालीम ग्रुप, शिवाजी पेठ

पैसे नाहीत म्हटल्यावर टिप्सच देतो, आणि स्टोरी ऐकूनच मी मत देऊन मोकळा झालोय.

पहिलं म्हणजे खोटी गोष्ट एकच ठेवा, म्हैस उभी आहे. बाकी सगळं शंभर टक्के खरं पाहिजे. अर्ज भरायला म्हैस आली की निवडणूक अधिकाऱ्यानं दचकायचं नाही, त्यानं विचारायचं की प्रतिज्ञापत्र आणलंय का, सूचक कोण, अनामत रक्कम भरली का, आणि घरपट्टी थकलेली नाही ना. सही नाही तर अंगठा चालतो, खुराचा ठसा चालेल का यावर त्यानं वरिष्ठांना फोन लावायचा, आणि वरिष्ठांनीही फोनवर तेवढ्याच गंभीरपणे विचारायचं की पुढचा का मागचा. कुणीही, अगदी कुणीही, ही म्हैस आहे असं म्हणायचं नाही. ज्या मिनिटाला एक पात्र म्हणेल "अहो पण ही तर म्हैस आहे", त्या मिनिटाला तुमचा कायदा मोडला. फार तर एक लहान पोरगं म्हणू दे, आणि त्याला त्याची आई गप्प बसवू दे.

कास्टिंग करताना गल्लीतला जो सगळ्यात कॉमेडी करणारा गडी आहे त्याला कॅमेऱ्यामागं ठेवा. पडद्यावर कधीच न हसणारा माणूस आणा, बँकेतला, सोसायटीतला, तालमीतला वस्ताद असेल तर सोनं. १९८० च्या "एअरप्लेन" मध्ये हेच केलं होतं, लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक असले आयुष्यभर गंभीर कामं केलेले नट घेतले आणि त्यांना सांगितलं की नेहमीसारखंच करा. ते नेहमीसारखंच करत राहिले आणि लोक गडबडा लोळले. गंमत म्हणजे त्या पिक्चरमधले कितीतरी डायलॉग १९५७ च्या एका खऱ्याखुऱ्या गंभीर विमानपटातनं जसेच्या तसे उचललेले आहेत, रीतसर हक्क घेऊन.

एडिटिंगमध्ये टुइंग, ट्वँग, कोंबडा, पिपाणी काहीही टाकू नका. म्हैस रवंथ करते तो आवाज खरा घ्या आणि जाहीर सभेत "आता उमेदवार दोन शब्द बोलतील" म्हटल्यावर तो नुसता ऐकू येऊ दे, पंधरा सेकंद, वीस सेकंद, लांबवा, लोक अस्वस्थ होतील, मग कुणीतरी एक हसेल, मग सगळे. तिथं घाई केली की गेलं. आणि मग समोरच्या गर्दीतनं एकानं गंभीर तोंडानं म्हणायचं, मुद्द्याचं बोलली.

मिरवणुकीचा सीन पाहिजे असेल तर दिवाळी पाडव्याला थांबा, त्या दिवशी आपल्याकडं म्हशी नटवून, शिंगं रंगवून रस्त्यावर आणतातच, तुम्हाला प्रॉडक्शन व्हॅल्यू फुकट. फक्त जनावराला त्रास होईल असं काही करायला लावू नका, आणि पुढं थेटरात लावायची किंवा सर्टिफिकेट घ्यायची इच्छा असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते, नंतर नाही. सेन्सॉरवाले तो कागद मागतात. आणि लांबी दहा-बारा मिनिटं, त्याच्या वर म्हैस स्वतःच कंटाळेल.

निकाल काय लावायचा हे विचारलं नाहीत, पण सांगतो. जिंकवू नका. तिला तीन मतांनी पाडा आणि तिच्या पार्टीनं फेरमतमोजणी मागू दे.

पिक्चर आवडला नाही म्हणून मध्येच उठून जाणं बरोबर आहे का? बरोबरच्या मित्राला फार राग आला.
एक वाचक, इचलकरंजी

बरोबर आहे. तिकीट तुमचं, संध्याकाळ तुमची, आणि असल्या पिक्चरला शेवटपर्यंत बसून जबरदस्तीनं कुणी आवडून घेतलाय असं मी तरी बघितलेलं नाही. फक्त जाताना वाकून जा, मोबाईलचा टॉर्च पायाखाली मारा, मागच्या रांगेच्या डोळ्यात नको, आणि दारातनं वळून "काय बघताय हे" असं ओरडू नका, आत बसलेल्यांचं नुकतंच कुठं जमायला लागलेलं असतं. गाडी एकच असेल तर किल्ली मित्राकडं देऊन जा.

पुढच्या अंकात विषय आहे पिक्चरमधली गाणी, ठेवावी का काढावी. पत्रं मुद्देसूद लिहा, शिव्या असतील तर निदान नवीन द्या.